नीलमची अंगठी

आमच्या मुलीचा निकाह बकरीदनंतर ठरला. मेहेरचे बोलणे झाले तेव्हा होणाऱ्या जावयाने स्वतःहून सांगितले, की रोख रकमेबरोबर एक अंगठीही मेहेरमध्ये लिहायची आणि ती मुलीच्या पसंतीची असायची. मुलीला विचारले. तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "नानीच्या अंगठीसारखी. निळ्या खड्याची."

दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. खुशाली विचारून झाली, पाहुण्यांच्या यादीचे बोलणे झाले आणि मग आवाज जरा खाली आला. "बाकी काहीही घ्या. पाचू घ्या, माणिक घ्या. पण नीलम नको. तो सगळ्यांना मानवत नाही."

विहीणबाईंचे माहेर नेवासा तालुक्यातले. त्यांच्या धाकट्या भावाचा धंदा बसला होता. कुणीतरी सांगितले म्हणून त्याने नीलम घातला आणि त्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. खरे सांगायचे तर आमच्या ओठांवर लगेच एक लहानसे बयान तयार झाले होते: शिर्क म्हणजे काय, अपशकुन मानणे कसे चूक आहे, वगैरे. पण भाऊ गमावलेल्या बहिणीला फोनवर बयान देता येत नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "आपा, घाई नाही. तुम्ही एकदा नगरला या. आपण मिळून बघू."

फोन ठेवल्यावर मात्र घरात बराच वेळ शांतता होती. एका खड्यावरून रिश्त्यात अढी पडू शकते, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा जाणवले. मुलगी म्हणाली, "अम्मी, अब्बा, मी साधी सोन्याची घालते. पण भीतीपोटी घालू का?" तिचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर आम्हाला शोधायचे होते.

ही भीती येते कुठून?

आपल्या जिल्ह्यात ती का जास्त आहे, हे सांगायला नको. शनीचा खडा म्हणजे नीलम, असे भारतीय ज्योतिष मानते; आणि शनिशिंगणापूर आपल्याच नेवासा तालुक्यात आहे. तिथल्या जुन्या घरांना दारे नसतात, ही गोष्ट देशभर ठाऊक आहे. ती आपल्या शेजाऱ्यांची श्रद्धा आहे. तिची टिंगल करणे आपल्याला शोभत नाही, आणि शेजारधर्मही तसे शिकवत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिले की हवा इकडची तिकडे जाते. "नीलम तीन रात्री उशीखाली ठेवून बघा, वाईट स्वप्न पडले तर परत करा" हा सल्ला आम्ही नमाजी घरांतही ऐकला आहे. उशीखाली धास्ती घेऊन झोपलेल्या माणसाला वाईट स्वप्न पडले नाही तरच नवल!

आणि फक्त नीलमच कशाला? अकीक घातला की रोजी वाढते, फिरोजा घातला की नजर लागत नाही, असे आपल्यातही म्हणतातच. अकीकच्या फजीलतीबद्दल ज्या रिवायती सांगितल्या जातात, त्या बहुतेक हदीसतज्ज्ञांनी कमकुवत किंवा बनावट ठरवल्या आहेत. तेव्हा बोट दाखवायचे तर आधी आपल्याकडे.

दीन काय सांगतो, हे थोडक्यात पाहू. दागिना म्हणून खडा वापरणे जायज आहे. कुरआनात सूरह रहमानमध्ये याकूत आणि मूंगा यांचा उल्लेख सौंदर्याची उपमा म्हणून आला आहे; आणि नीलम हा जातीने याकूतचाच भाऊ, हे पुढे येईलच. प्रेषित मुहम्मद (स.) यांची अंगठी चांदीची होती आणि तिचा खडा हबशी होता, असे हजरत अनस (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आले आहे. तीवर मोहर कोरलेली होती, कारण राजेलोकांना पाठवायच्या पत्रांवर ती उमटवायची होती. ती पुढे हजरत अबूबकर, हजरत उमर आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे आली आणि हजरत उस्मान यांच्या काळात मदीनेतील अरीसच्या विहिरीत पडून हरवली. ती अंगठी शोभेची आणि कामाची होती. ताईत म्हणून ती कुणी घातली नव्हती.

हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदचे चुंबन घेताना काय सांगितले, ते लहानपणी मदरशात प्रत्येकाने ऐकलेले आहे: तू एक दगड आहेस, नफा-नुकसान तुझ्या हाती नाही, अशा अर्थाचे ते बोल. जो दगड काब्याच्या भिंतीत आहे, त्याच्याबद्दल असे, तर सराफाच्या डबीतल्या दगडाची काय कथा! अपशकुन मानण्यालाही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. म्हणजे दोन्ही दारे बंद आहेत. खडा भले करतो, असे मानून तो घालायचा नाही. आणि खडा वाईट करतो, असे मानून तो टाळायचाही नाही. पहिली गोष्ट आपण मस्जिदीत ऐकतो, दुसरी विसरतो.

इथे अल-बिरूनी यांची आठवण येते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या मुसलमान विद्वानाने रत्नांवर 'किताबुल जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. पाचूकडे पाहिले की सापाचे डोळे फुटतात, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. बिरूनींनी काय केले? पाचूची माळ घेऊन ती सापापुढे धरली, त्याच्या भोवती ठेवली, कित्येक महिने निरनिराळ्या ऋतूंत प्रयोग केला. सापाला काही झाले नाही, आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. खडा ओळखण्यासाठी त्यांनी दुसरी गोष्ट केली: पाण्याने भरलेल्या भांड्यात खडा सोडून किती पाणी बाहेर पडते, ते मोजले आणि प्रत्येक रत्नाचा जडपणा ठरवला. त्यासाठी त्यांनी प्रमाण म्हणून निळा याकूत, म्हणजे आपला नीलमच, शंभर धरला होता. दंतकथा तपासून बाजूला ठेवायची आणि वजन नीट करायचे, हा वारसा आपला आहे.

नानीच्या अंगठीची गोष्ट

विहीणबाई रविवारी आल्या. आम्ही, मुलगी आणि त्या असे सगळे सराफ बाजारात गेलो. नमुना म्हणून नानीची अंगठी बरोबर घेतली होती. आमच्या घरात ती 'मुबारक अंगठी' म्हणून प्रसिद्ध. ती घातली त्या वर्षी मामूंना नोकरी लागली, ती हातात होती म्हणून नानी मोठ्या आजारातून उठल्या, असे किस्से. सराफांनी दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले, खडा पांढऱ्या कागदावर आडवा-तिडवा फिरवला आणि संकोचून म्हणाले, "राग मानू नका. हा खाणीतला नाही. भट्टीत बनवलेला आहे."

त्यांनी आम्हालाही दाखवले. खड्याच्या आत निळ्या रंगाच्या फिकट-गडद रेषा होत्या आणि त्या वळलेल्या होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. जमिनीत तयार झालेल्या नीलममध्ये रंगाचे पट्टे सरळ, कोनात जाणारे असतात. वळलेल्या रेषा म्हणजे ज्वाळेत पूड वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेला खडा. ही रीत व्हर्न्युई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये माणिकासाठी जाहीर केली आणि काही वर्षांत तशीच नीलमही बनू लागली. काच नव्हे, घटक खऱ्या नीलमचेच. पण कारखान्यातला, आणि किंमत अगदी थोडी.

आम्ही क्षणभर गप्प झालो आणि मग मुलगीच हसायला लागली. "म्हणजे मामूंची नोकरी कारखान्याच्या खड्याने लावली?" विहीणबाईंनाही हसू आले. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळे चांगले त्या खड्याच्या नावावर लिहिले, आमच्याकडे सगळे वाईट. लिहिणारे आपणच."

हे आम्ही बोललो असतो तर उपदेश झाला असता. त्या बोलल्या आणि बरे झाले.

खडा कसा पाहावा?

आता ज्यांना घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. सराफांनी समजावले, आम्ही थोडे वाचले, थोडे चुकत शिकलो.

नीलम म्हणजे कुरुविंद, म्हणजेच ॲल्युमिनियम ऑक्साइड. तो लाल असला की माणिक, निळा असला की नीलम. निळा रंग लोह आणि टायटॅनियमच्या अंशामुळे येतो. कठीणपणाच्या १० पायऱ्यांच्या मोजपट्टीवर हिरा १० वर आणि नीलम ९ वर. म्हणून रोज वापरायच्या अंगठीला तो चांगला. भांडी घासताना, कणीक मळताना सहज ओरखडत नाही.

रंग दिवसाच्या उजेडात पाहावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि प्रखर झोतात प्रत्येक खडा सुंदर दिसतो. आम्ही डबी घेऊन दुकानाच्या दाराशी, उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात आलो. आत राजेशाही वाटलेला एक खडा बाहेर जवळजवळ काळा दिसला. दुसरा मधोमध फिकट होता; त्यातून खालच्या कागदावरची अक्षरे वाचता येत होती. असा खडा पैलू पाडताना उथळ कापलेला असतो आणि उजेड परत न पाठवता खालून सोडून देतो. तिसरा ना काळा, ना फिका. हलवला की निळाई सगळीकडे सारखी उजळत होती. तो बाजूला ठेवला.

आतले बारीक तंतू, ठिपके पाहून घाबरू नये. नैसर्गिक नीलममध्ये रेशमासारखे बारीक धागे असतातच. मोठ्या आकाराचा, अगदी स्वच्छ आणि तरी स्वस्त खडा दिसला, तर मात्र सावध व्हावे.

तापवलेला आहे का, हे स्पष्ट विचारावे. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत खूप तापवून रंग सुधारलेले असतात. हे पूर्वापार चालते, रंग टिकतो, आणि सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही. न तापवलेला हवा असेल तर किंमत बरीच वाढते. घ्यायचा नाही तो काच भरलेला. चिरा गेलेल्या हलक्या खड्यात शिशाची किंवा कोबाल्टची रंगीत काच भरून तो चमकवतात. भिंगाखाली त्यात बुडबुडे आणि निळ्या ठिणग्या दिसतात. पुढे कधी अंगठीचे माप वाढवायला सोनाराने ज्योत लावली, आम्ल वापरले की तो खडा बिघडतो. निळी काच आणि 'नीली' नावाचा वेगळा, मऊ खडासुद्धा नीलम म्हणून गळ्यात मारतात.

'काश्मिरी नीलम' हे शब्द ऐकले की पाकीट खिशातच ठेवावे. काश्मीरच्या पाडर भागात १८८१च्या सुमारास दरड कोसळून हा खजिना उघडा पडला आणि थोड्याच वर्षांत खाणीतला उत्तम माल संपला. आज बाजारात तो शब्द बहुधा रंगासाठी वापरतात. चांगला नीलम मुख्यतः श्रीलंकेतून येतो. अरबांचे सरनदीब ते हेच. इब्न बतूता १३४४ मध्ये तिथे गेले होते आणि तिथल्या रत्नांबद्दल त्यांनी लिहिले आहे. आजही तिथल्या बेरुवला गावचे मुसलमान व्यापारी या धंद्यात नावाजलेले आहेत.

आपल्या नगरचाही रत्नांशी जुना संबंध आहे. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येणारा पोर्तुगीज हकीम गार्सिया दा ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात हिरे आणि इतर रत्नांवरही लिहिले आहे. म्हणजे निजामशाहीच्या काळापासून इथे खड्यांची पारख करणारे डोळे आहेत.

वजन आणि भाव

ज्योतिषासाठी घेणाऱ्यांना सव्वापाच रत्ती, सव्वासात रत्ती असे आकडे सांगतात. तेवढ्या वजनाचा चांगला नीलम सामान्य घराला परवडत नाही. मग आकडा गाठायला लोक हलका, काच भरलेला खडा घेतात. आपल्यावर असे बंधन नाही. म्हणून आपण त्याच पैशांत लहान पण अस्सल खडा घेऊ शकतो. तवक्कुलचा हा फायदा थेट खिशाला होतो.

भाव नेहमी कॅरेटमध्ये विचारावा. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर एकच. रत्तीचे तसे नाही. सोनाराची जुनी गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर रत्नबाजारातली रत्ती सुमारे १८० मिलिग्रॅमची. दुकानदार कोणती म्हणतो आहे, हे आपल्याला कळत नाही आणि भाव फिरतो.

दुकानाने स्वतः छापलेल्या कार्डाला प्रमाणपत्र म्हणत नाहीत. मुंबई आणि जयपूर येथे स्वतंत्र रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहेत. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही त्यातली एक जुनी संस्था. रिपोर्टमध्ये खडा नैसर्गिक आहे की बनवलेला, तापवला आहे का, काही भरले आहे का, वजन व माप किती, हे पाहावे. आम्ही सराफांना सांगितले, "रिपोर्ट आल्यावर पैसे." एका दुकानाने याआधी या अटीवर तोंड वाकडे केले होते, या सराफांनी मान डोलावली. पुढे म्हणाले, "मी स्वतः शनिवार करतो. पण जे तुम्ही मानत नाही, ते सांगून तुम्हाला खडा विकणार नाही." असा व्यापारी भेटणे हेही रोजीतली बरकतच.

घडवताना

खडा पसंत झाला: १.३२ कॅरेट, तापवलेला, श्रीलंकेचा. पसंत कुणी केला? विहीणबाईंनी! दाराशी उभ्या राहून भिंगातून बराच वेळ पाहत होत्या. मग तो मुलीच्या बोटावर ठेवून म्हणाल्या, "हिच्या रंगाला हा शोभतो."

सोने १८ कॅरेटचे घेतले. २२ कॅरेट मऊ असते, खडा धरून ठेवायला १८ कॅरेट मजबूत. त्यावर ७५० हा शुद्धतेचा आकडा, बीआयएसचे चिन्ह आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असतो. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. लक्षात ठेवा, हॉलमार्क सोन्याची हमी देतो, खड्याची नाही.

मुलीला उंच दात्यांवर बसवलेला खडा आवडला होता. पण असा खडा ओढणीत, स्वेटरमध्ये अडकतो. शेवटी खड्याभोवती सोन्याची पट्टी असलेले, बसके कोंदण ठरले. खाली उघडे, म्हणजे उजेड येतो आणि साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने स्वच्छही करता येते. माप फार घट्ट घेऊ नये. वुजू करताना अंगठी फिरवून खाली पाणी पोहोचले पाहिजे. माप संध्याकाळी द्यावे, सकाळी थंडीत बोट बारीक असते.

बिलावर सोन्याचे वजन, खड्याचे वजन, दोन्हींची किंमत आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. याला दोन कारणे. पहिले, काही ठिकाणी खड्यासकट तोलून सगळे सोन्याच्या भावाने लावतात. दुसरे, जकात. वापरातल्या रत्नांवर जकात नाही. हनफी मताप्रमाणे दागिन्यातल्या सोन्यावर आहे. वजन वेगळे लिहिलेले असेल तर दर वर्षी रमजानमध्ये हिशेब सोपा जातो. कोकणातल्या शाफई घरांत वापरातल्या दागिन्यांबद्दल मत वेगळे आहे, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

आणि मेहेर म्हणून अंगठी असेल तर निकाहनाम्यात नुसते 'नीलमची अंगठी' लिहू नये. आम्ही सोने ३.४ ग्रॅम, नीलम १.३२ कॅरेट आणि रिपोर्टचा क्रमांक असे लिहायला सांगितले आहे. मेहेर हा मुलीचा हक्क आहे. त्यात नैसर्गिक म्हणून बनावट खडा गेला, तर देणाऱ्याच्या मानेवर कर्ज राहते, त्याला ठाऊक नसले तरी.

जावयाच्या अंगठीचा प्रश्न लवकर सुटला. पुरुषांना सोने हराम आहे, हे सगळे जाणतात आणि लग्नात सगळे विसरतात. त्याने चांदीची मागितली. आपल्याकडचे हनफी आलिम पुरुषाच्या अंगठीची चांदी साडेचार माशांहून कमी सांगतात, म्हणजे ४.३७ ग्रॅमच्या आत. तेवढीच केली, एका अकीकच्या खड्याची. खडा दिसायला छान आहे म्हणून, एवढेच कारण.

एक गोष्ट शेवटी सांगितलीच पाहिजे. हे सगळे वाचून कुणा बापाने कर्ज काढून नीलम घेऊ नये. एका गरीब सहाबींना निकाहसाठी प्रेषितांनी (स.) लोखंडाची का होईना, अंगठी शोधायला सांगितले होते. तीही मिळाली नाही, तेव्हा त्यांना पाठ असलेल्या कुरआनावर निकाह झाला. आपल्या गल्लीतल्या मुलींच्या लग्नांची उंची आपल्या अंगठ्यांनी वाढत असेल, तर आपणही थोडे हात आखडायला हवे. आमच्या मुलीची अंगठी लहान आहे, ते यासाठीही.

परवा अंगठी तयार होऊन आली. विहीणबाईंना फोटो पाठवला. त्यांचा निरोप आला, "माशाअल्लाह. भावासाठी दुआ करा." आम्ही केली. नानीची अंगठी मुलगी जशीच्या तशी ठेवणार आहे. ती आता मुबारक नाही, फक्त नानीची आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.